विमानाचे गोत्र

आमच्या ज्ञातीतली दोन अपरिचित माणसे लग्नमंडपात शेजारी बसली, की त्यांचा संवाद कोणत्या वाटेने जाणार हे कोणाही जाणत्यास आधीच सांगता येईल. प्रथम आडनाव विचारले जाते. पण एकट्या आडनावावर कोणाचे समाधान होत नाही. मग मूळ गाव निघते, आजोळ निघते, आणि शेवटी खऱ्या तपासणीचा प्रश्न येतो, "तुमचो देव खंयचो?" त्याचे उत्तर मिळाले की दोघेही सैल होऊन बसतात. नवी पिढी या चौकशीला हसते. परंतु या चौकशीत एक शास्त्र आहे. नाव बदलते, गाव सुटतो, पोशाख तर दर दहा वर्षांनी पालटतो. न पालटणारे जे काही असेल त्यावरून ओळख पटवावी, हे ते शास्त्र होय. कुशस्थळीचा श्रीमंगेश १५६० साली नदीपार प्रियोळास गेला. घर बदलले, राज्ये बदलली. कुळाव्यांनी मात्र ओळख चुकू दिली नाही.

आमचा धंदा वकिलीचा. ओळख पटविणे आणि प्रसंगी पटू न देणे, यांवरच आमचा चरितार्थ चालतो. वस्तूची अगर व्यक्तीची ओळख प्रस्थापित करणाऱ्या गोष्टी पुराव्यात ग्राह्य आहेत, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे नववे कलम सांगत असे. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, आणि तेच वचन आता त्यातील सातव्या कलमात जाऊन बसले आहे. देवांप्रमाणे कलमांनाही कधी कधी घर बदलावे लागते. हे कलम आम्ही वीस वर्षे न्यायालयात वापरीत आलो. त्याचा अर्थ मात्र आम्हांस परवा सांवेर रोडवर कळू लागला, आणि तोही एका जुन्या खेळातल्या विमानापायी.

शनिवार होता. सांवेरच्या उलट्या हनुमंताचे दर्शन घेऊन आम्ही चिरंजीवांसह इंदूरला परतत होतो. अहिरावणाने पळवून नेलेल्या रामलक्ष्मणांना सोडविण्यासाठी मारुतिरायाने येथूनच पाताळात बुडी घेतली, अशी तेथील श्रद्धा; म्हणून मूर्तीचे मस्तक खाली. परतीच्या वाटेवर, इंदूरच्या वेशीशी, औषधांचे, नमकीनचे आणि प्लास्टिकचे कारखाने ओळीने लागतात, आणि त्यांच्या आडोशाला भंगाराची गोदामे आहेत. तशाच एका गोदामाच्या दारात, बंद पडलेल्या पंख्यांच्या आणि पत्र्याच्या पिंपांच्या ढिगावर, एक पांढरा-तांबडा पंख आडवा पडलेला चिरंजीवांनी पाहिला. पंखाखाली धड होते, धडाच्या नाकाशी एक काळवंडलेले इंजिन होते आणि एक पाते मोडलेला पंखा होता.

"जर्मनी का है, भिया!" गोदामवाल्याने आमच्या चेहऱ्यावरील प्रश्न वाचून परस्पर उत्तर दिले. "एक बार उड़ा तो सीधा उज्जैन में उतरेगा."

बाराशेवरून सुरुवात होऊन आठशेंवर सौदा तुटला. पंख गाडीत मावेना, म्हणून तो टपावर चादरीत गुंडाळून बांधला, आणि एखाद्या जखमी पाहुण्याला आणावे तसे आम्ही त्यास वीस किलोमीटरच्या वेगाने घरी आणले. दारात आईने विचारले, "हें कितें हाडलां रे पुता?" आणि उत्तराची वाट न पाहता पुढे म्हणाली, "आनी हें दवरतलो खंय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ नव्हते, आणि दुसऱ्याचे तर मुळीच नव्हते.

पुढील दोन दिवसांत त्या विमानाला तीन कुळे मिळाली. गोदामवाल्याच्या मते ते जर्मन होते. आमचे मुंशी, ज्यांना प्रत्येक चांगली वस्तू अमेरिकेची वाटते, त्यांनी ते अमेरिकेचे ठरविले. एका विद्वान स्नेह्यांनी मात्र दोघांनाही मागे टाकले. धार येथून फार दूर नाही, आणि अकराव्या शतकातील धारच्या भोजराजाने आपल्या 'समरांगणसूत्रधार' ग्रंथात हलक्या लाकडाच्या, पाऱ्याच्या बळावर उडणाऱ्या पक्ष्याचे वर्णन केले आहे. तेव्हा ही विद्या मूळची माळव्याचीच, असा त्यांनी निवाडा दिला. ग्रंथात ते वर्णन आहे हे खरे. परंतु वंशाचा अभिमान आणि वस्तूची ओळख या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीसाठी छाती लागते, दुसरीसाठी मोजपट्टी.

तेव्हा आम्ही मोजपट्टी घेतली. चिरंजीव मोजीत गेले आणि आम्ही पंचनामा लिहीत गेलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत पंख अठ्ठ्याहत्तर इंच, म्हणजे जवळ जवळ दोन मीटर. पंखाची खालची बाजू पाटासारखी सपाट, वरची कमानदार. पंख धडाच्या डोक्यावर ठेवलेला. त्याची दोन्ही टोके, ओंजळ उघडावी तशी, किंचित वर उचललेली. तो स्क्रूंनी नव्हे, तर लाकडी खुंट्यांना अडकविलेल्या रबरबँडांनी बांधण्याची योजना. पंखाच्या मागील कडेला हलणारी पाती नाहीत. पोटात तीनच लहान सर्व्हो यंत्रे: एक सुकाणूचे, एक शेपटीच्या आडव्या पट्टीचे, एक इंजिनाच्या गतीचे. खाली तीन चाके, त्यांतले एक पुढे.

या प्रत्येक लक्षणाला कारण असते, हे आम्ही चार रात्री वाचून जाणले. सपाट पोटाचा रुंद पंख संथ गतीतही भार पेलतो. टोके वर उचललेली असली, की एका अंगावर कललेले विमान सुकाणू सोडताच आपले आपण सरळ होते. रबरबँडांनी बांधलेला पंख जमिनीवर आपटला तर निसटून बाजूला पडतो, मोडत नाही. तात्पर्य, हे लढाऊ विमान नव्हे, शर्यतीचेही नव्हे. ही शिकाऊ माणसाच्या चुका पोटात घालणारी जात आहे. विमानाचा रंग म्हणजे त्याचा पोशाख, आणि पंखाचा छेद हेच त्याचे गोत्र. रंग कोणीही बदलतो. गोत्र बदलावयाचे तर नवे विमानच बांधावे लागते.

गोत्रावरून कुळ सापडले. अमेरिकेत आयोवा राज्यातील माँटेझुमा नावाच्या लहानशा गावी १९५१ साली स्थापन झालेल्या 'सिग' या कंपनीचे 'कॅडेट सीनियर' नावाचे एक शिकाऊ विमान आहे. पंख सुमारे अठ्ठ्याहत्तर इंच, मागील कडेच्या पात्यांवाचून उडणारे. आमच्या पंचनाम्यातील एकूण एक लक्षण त्याला लागू पडले. इंजिनावरचा काळा थर मेथिलेटेड स्पिरिटने पुसला, तेव्हा खाली 'ओ. एस.' ही ओतीव अक्षरे उघडी झाली. जपानमधील ओसाका येथे शिगेओ ओगावा यांनी १९३६ साली सुरू केलेल्या कारखान्याचे ते इंजिन, साडेसहा घनसेंटिमीटरचे. काळा थर कशाचा, हे नाकाने आधीच सांगितले होते. या इंजिनांना मेथॅनॉलमध्ये एरंडेल मिसळून पाजतात. वर्षानुवर्षे पडून राहिले की ते एरंडेल वाळून लाखेसारखे घट्ट होते. आमच्या पिढीने लहानपणी जे औषध नाक दाबून घेतले, त्यावर विमाने उडतात हे कळल्यावर आमच्या मनातील त्याच्याविषयीचा राग पुष्कळसा निवळला.

रेडिओच्या पेटीतील लहानशा स्फटिकावर '७२.६३०' असा आकडा होता. बहात्तर मेगाहर्ट्झचा तो पट्टा अमेरिकेत विमानांच्या प्रतिकृतींसाठी राखलेला. युरोपात त्यांच्यासाठी पस्तीसचा होता. जर्मनीचा दावा येथे निकालात निघाला. आमचे मुंशी जिंकले, असे आम्ही त्यांस सांगणारही होतो.

परंतु चिरंजीवांनी पंखाच्या फाटक्या आवरणातून विजेरीचा झोत आत टाकला. पंखाच्या आत फासळ्यांची रांग होती, आणि त्यांच्यावर पेन्सिलीने लिहिलेले होते: 'डावी ५', 'डावी ६', 'डावी ७'.

तयार संचातील भागांवर छापील खुणा असतात. ह्या हाताने कापलेल्या फासळ्या होत्या, आणि त्यांवर देवनागरी आकडे होते. हिंदीत 'बाईं' म्हणतात. 'डावी' हा शब्द मराठी हाताचा. आराखडा अमेरिकेचा, इंजिन जपानचे, रेडिओ अमेरिकेचा. पण ज्याने रात्र रात्र बसून या पंखाला जन्म दिला तो आमच्याच गावातला कोणी मराठी गृहस्थ होता. पंचनाम्यातील प्रत्येक नोंद खरी होती, आणि तरीही मुख्य गोष्ट आम्ही लिहिलीच नव्हती.

"बाबा," चिरंजीव म्हणाले, "ज्यांनी 'डावी' लिहिलं त्यांना हे विकायचं होतं का?"

मालविक्री अधिनियम, १९३० याचे सत्ताविसावे कलम आम्ही कित्येकांना समजावून सांगितले आहे. विकणारा स्वतः मालक नसेल, किंवा त्याला मालकाची संमती नसेल, तर काही अपवाद वगळता घेणाऱ्याला त्याच्याहून अधिक हक्क मिळत नाही. मग त्याने आठशे रुपये मोजलेले असोत की आठ लाख. हे कलम तेरा वर्षांच्या मुलाच्या तोंडून, कलमाचा आकडा वगळून, आम्ही प्रथमच ऐकले.

शोध फारसा कठीण गेला नाही. गोदामवाल्याने हातगाडीवाला सांगितला, हातगाडीवाल्याने घर सांगितले. जुने घर रिकामे झालेले होते. शेजाऱ्यांनी नव्या सदनिकेचा पत्ता दिला. तिसऱ्या मजल्यावर एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ भेटले. इंदूरच्या एका कापडगिरणीत, ती चालू होती तोवर, ते यंत्रांच्या दुरुस्तीचे काम करीत. दृष्टी अधू झालेली; समोरच्याचा चेहरा धुक्यातून पाहावा तसे ते पाहत होते. विमानाचा उल्लेख करताच ते उठून उभे राहिले.

येथे आमच्यातला वकील जागा झाला. विमान खाली गाडीत होते. ते दाखविण्यापूर्वी आम्ही त्यांना वर्णन विचारले. त्यांनी पंख अठ्ठ्याहत्तर इंची सांगितला, रंग सांगितला, इंजिन सांगितले. मेहुण्यांनी अमेरिकेतून इंजिन आणि रेडिओ आणला, आराखडा मात्र आपण कागदावर उतरवून घेतला, असेही सांगितले. सारे जुळत होते. आणि तरी आमच्या तोंडून, सवयीने, निर्विकारपणे प्रश्न गेला, "पण असं दुसरं एखादं विमान असू शकणार नाही का?"

प्रश्न आमच्याच कानांवर पडला, आणि आम्ही थबकलो. हा प्रश्न आम्ही पूर्वी एकदा विचारला होता.

पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. चोरीच्या एका खटल्यात आम्ही आरोपीचे वकील होतो. जप्त झालेल्या मालात एक पितळी समई होती. फिर्यादी एक वृद्ध बाई. तिने पिंजऱ्यातून समई पाहताच सांगितले, ही माझी. कशावरून? तर वरचा पक्षी जरा एका अंगाला वळलेला आहे आणि त्याच्या खाली डाख दिलेला आहे. आम्ही शांतपणे विचारले, "बाई, डाख दिलेली दुसरी समई असू शकणार नाही का?" ती गोंधळली. म्हणाली, "असेल." त्या एका शब्दावर आम्ही खटला उभा केला आणि जिंकला. समई इतर समयांत मिसळून तिच्याकडून ओळखून घेण्याची रीत तपासात पाळली गेली नव्हती. संशयाचा फायदा आरोपीस मिळाला. तो मिळणे योग्यच होते. संशयावर माणसाला तुरुंगात धाडू नये, हे तत्त्व आम्ही आजही प्राणपणाने मांडू.

परंतु त्यानंतर आम्ही दुसरा एक अर्ज केला होता. खटला संपल्यावर जप्त मालाचे काय करावे, हे तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या चारशे बावन्नाव्या कलमाखाली ठरत असे. ज्याच्या ताब्यातून समई घेतली त्यालाच ती परत मिळावी, असा तो अर्ज. तोही मंजूर झाला. बाई दाराशी उभी होती. समई आमच्या अशिलाच्या पिशवीत जाताना तिने हात पुढे केला नाही. फक्त पक्षी जिकडे वळलेला होता तिकडे पाहत राहिली. माणूस सोडण्यास संशय पुरतो. दुसऱ्याच्या देवघरातला दिवा उचलून देण्यास तो पुरत नाही. हा भेद आम्हांस त्या दिवशी कळत नव्हता असे नाही. तो अर्ज करण्यास कोणी आमच्यावर सक्ती केली नव्हती, एवढेच आज नमूद करतो.

आमच्या मौनाचा अर्थ त्या गृहस्थांना काय लागला असेल तो असो. ते विचारपूर्वक म्हणाले, "असू शकेल, वकीलसाहेब. आराखडा काही माझ्या एकट्याजवळ नव्हता. पण पंखाच्या मधल्या सांध्यावर, वरच्या पापुद्र्याखाली, हिच्या माहेश्वरीच्या काठाची पट्टी आहे. दोनदा सांधा उकलला, तेव्हा हिनं लुगडं फाडून दिलं. चांगलं होतं लुगडं. वरून प्लास्टिकचा कागद इस्त्रीनं बसवला, तेव्हा ती झाकली गेली."

चिरंजीव धावत जाऊन पंख घेऊन आले. सांध्यावरचा पापुद्रा आम्ही ब्लेडने अलगद उचलला. खाली, सरसाने पिवळी पडलेली, दोन बोटे रुंद, जरीकाठाची पट्टी होती.

त्यांनी ती पाहिली नाही, बोटांनी वाचली. मग बोटे डावीकडे सरकली, तिसऱ्या-चौथ्या फासळीवर थांबली. "ही उलट्या रेघेची कापली गेली होती," ते म्हणाले. "बाल्साचं लाकूड लाडावलेलं असतं. रेघ चुकली की तुटतं."

विमान त्यांचे आहे आणि ते परत घ्यावे, असे आम्ही सांगितले; पैशांची गोष्ट नको म्हणून सांगितले; कलमही सांगितले. चिरंजीवांनी मान खाली घातली होती, पण ते एक अक्षर बोलले नाहीत. वृद्ध गृहस्थांनी शेजारच्या खोलीच्या बंद दाराकडे एकदा पाहिले. "मुलानं विकलं, ते मला विचारूनच विकलं," ते म्हणाले. "माझी संमती होती."

क्षणापूर्वीच, विमानाचे नाव काढताच, हे गृहस्थ कसे उठून उभे राहिले होते ते आम्ही पाहिलेले होते. हा साक्षीदार खोटे बोलत होता, आणि कोणासाठी बोलत होता हेही उघड होते. वीस वर्षांत प्रथमच आम्ही उलटतपासणीचा हक्क सोडून दिला.

त्यांनी एकच गोष्ट मागितली. "तो पापुद्रा परत बसवून टाका. इस्त्री फार गरम नको. उडताना ती पट्टी झाकलेली बरी."

त्या संध्याकाळी आई देवघरात वात लावीत होती. आमची समई आजीकडून आलेली. बाजारात तिच्यासारख्या शंभर मिळतील. आम्ही आईला विचारले, शंभरांत ही कशी ओळखशील? ती वातीवरची नजर न काढता म्हणाली, "हाताक कळटा." न्यायालयात या उत्तराचे आम्ही काय केले असते, हे आम्हांस चांगले ठाऊक आहे. आता साक्षीदाराला वस्तू दाखविण्यापूर्वी आम्ही तिच्याविषयी निवांतपणे बोलू देतो, प्रश्न नंतर. आणि मालाच्या ताब्याचा अर्ज अशिलाने मागितला म्हणून आम्ही लिहून देत नाही.

विमानाचे पुढे काय झाले, ते सांगून हा लेख पुरा करतो. जुन्या रेडिओची बॅटरी हिरव्या क्षारांनी खाल्लेली होती. तो काढून आम्ही २.४ गिगाहर्ट्झचा नवा संच बसविला. या पट्ट्यातील अल्पशक्तीची उपकरणे भारतात २००५ पासून परवान्यावाचून वापरता येतात. ड्रोन नियम, २०२१ यांत अशा विमानाचीही ओळख सांगितलेली आहे: पंचवीस किलोपर्यंत वजनाचे, शिक्षण अगर करमणुकीपुरते, आणि उडविणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यातच उडणारे. विमानतळाभोवतीची निषिद्ध क्षेत्रे नकाशावर पाहून घेतली, आणि सोयाबीन निघाल्यावर सांवेरच्या बाजूचे एक मोकळे शेत मालकाच्या परवानगीने ठरविले. एन. सी. सी.च्या हवाई शाखेत हे काम शिकलेला एक तरुण मदतीस आला. वृद्ध गृहस्थांना आम्ही गाडीत घालून नेले आणि बांधावर खुर्ची टाकून बसविले.

तिसऱ्या प्रयत्नात इंजिनाने दम धरला. वाळल्या एरंडेलाचा वास शेतभर पसरला. पांढरा-तांबडा पंख काही पावले धावला आणि जमीन सोडून वर गेला. चिरंजीव टाळ्या पिटीत होते. वृद्ध गृहस्थ आकाशाकडे पाहत नव्हते. मान कलती करून, डोळे मिटून ऐकत होते. एका फेरीनंतर त्या तरुणाने ओरडून सांगितले की विमान सारखे एका बाजूला जाते आहे, काहीतरी बिघडले असावे.

"डावीकडे ओढतंय ना?" त्यांनी खुर्चीतून विचारले.

"हो, आजोबा, डावीकडे."

"मग बिघडलेलं नाही. ते पहिल्यापासूनच डावीकडे ओढतं."

ही खूण आमच्या पंचनाम्यात नव्हती. घरी आल्यावर आम्ही ती शेवटच्या ओळीत लिहून घेतली.